एक तोळ्याची गोळी

माझे आजोबा सोनार. वजन करण्याआधी दुकानातला पंखा बंद करायचे. मग मे महिना असो की गिऱ्हाईक घामाघूम झालेलं असो. पेनसिल्व्हेनियातल्या तळघरात मी काडतुसं भरायला बसतो, तेव्हा आधी जिना चढून हीटर बंद करून येतो. गरम हवेच्या झोतानेही काटा डुलतो.

भारतात परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. इथे तो रविवारचा छंद. वापरलेली पितळी पुंगळी मापात आणायची, नवी टोपी बसवायची, दारू भरायची, वर गोळी. (दारू बंदुकीची. 'हे दारू घेऊन तळघरात बसलेत' असं बायको पुण्याला फोनवर सांगते, तेव्हा पलीकडची शांतता मला इथवर ऐकू येते.)

पहिल्यांदा घरातलंच कॉम्प्युटरचं जुनं टेबल घेतलं. चुकलंच. पुंगळी मापात आणायच्या प्रेसचा दांडा जोरात खाली दाबला की ती डायच्या साच्यात शिरते आणि टेबल पुढे झुकतं. माझ्या टेबलाचे मागचे पाय उचलले गेले. तराजू घसरला, दारू भरून ठेवलेल्या पन्नास पुंगळ्यांचा ठोकळा कलंडला, सगळं गालिच्यात. मग टू-बाय-फोरचे पाय केले, पाऊण इंची प्लायचे दोन थर चिकटवून फळी केली आणि सगळं भिंतीतल्या लाकडी खांबांना आवळलं. आता टेबल ढिम्म हलत नाही.

तराजू मात्र हलायचाच. दांडा चार वेळा दाबला की शून्य किंचित सरकलेलं. प्रेसला जोर हवा, तराजूला निवांतपणा. एका फळीवर दोघं नांदत नाहीत, हे कळायला मला वर्ष लागलं. शेवटी तराजूला पलीकडच्या भिंतीवर वेगळी फळी ठोकली, बसल्यावर काटा डोळ्यांच्या रेषेत येईल अशी. वरून पाहिलं की काटा खोटं बोलतो.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. बाकीचे लाकडी कपाटात, तिजोरीत नव्हे: आग लागली तर मोकळी दारू भुरकन जळून जाते, कोंडलेली फुटते. किती भरायची ते पुस्तकात बघायचं, आठवणीवर जायचं नाही. आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी मारून प्रत्येक पुंगळीत डोकवायचं. एखादी कमीजास्त दिसली की ओतून पुन्हा मोजायची.

इथलं माप ग्रेनचं. ७,००० ग्रेनचा एक पौंड. जुना तोळा, म्हणजे हल्लीचा दहा ग्रॅमचा नव्हे, ११.६६ ग्रॅमचा, इंग्रजांनी १८३३ मध्ये १८० ग्रेनचा ठरवला. माझ्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीतली गोळीही १८० ग्रेनचीच. बरोबर एक तोळा! हे ध्यानात आलं त्या रात्री बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिने कूस बदलली.

आजोबांचं तोळ्याचं पितळी वजन आता तराजूच्या फळीवर असतं. परवा ते ताटलीत टाकलं. १७९.६ भरलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेवढंच. हीटर बंद होता.