काकूंचा प्रश्न

मोठ्या सभेंत विचारलेल्या प्रश्नाला कसें तरी उत्तर देतां येतें. पण माजघरांत तांदूळ निवडतां निवडतां, मान वर न करतां, कोणी एखादा प्रश्न टाकला म्हणजे शिकलेल्या माणसाची खरी फजिती होते. गेल्या मार्गशीर्षांत काकूंनीं माझी अशीच फजिती केली.

"काय रे, वारणेचं दूध रोज इथून मुंबईला जातं, तें वाटेत नासत नाही. मग आपल्या धाकट्याचं काळीज तेवढं पुण्यापर्यंत का नाही जाऊं शकलं?"

कोडोलीला लागूनच वारणानगर. तेथील संघाचें दूध चार अंशांच्या आसपास थंड करून शहरांकडे जातें, हें आमच्याकडील शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आणि दात्याचे अवयव ज्या पेटींतून नेतात तिच्यांतही बर्फच असतें व उष्णमान तेंच, चार अंश. तेव्हां काकूंच्या तर्कांत कोठेंच खोट नव्हती.

त्याआधीं दोन महिन्यांपूर्वीं माझा धाकटा चुलतभाऊ मोटारसायकलवरून पडला. कोल्हापुरास नेलें. तिसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं सांगितलें कीं मेंदू मृत झाला आहे. १९९४ च्या कायद्याप्रमाणें चार डॉक्टरांच्या मंडळानें, सहा तासांचें अंतर ठेवून, दोनदां तपासणी केली. त्या सहा तासांत आम्हीं घरचीं चौदा माणसें बाहेरच्या बाकांवर बसून होतों. यंत्रानें त्याची छाती वरखालीं होत होती, हात ऊन होता. आणि आम्हांस विचारलें जात होतें कीं अवयव द्याल काय? अपुऱ्या देहाला अग्नि देतां येतो काय, अशी शंका आबांनीं काढली. कोणी कांहीं बोलेना. शेवटीं काकूच म्हणाल्या, "द्या."

यकृत गेलें, दोन्ही मूत्रपिंडें गेलीं. हृदयाला जुळणारा रुग्ण मात्र जवळपास नव्हता. पुणें आमच्यापासून सव्वादोनशें किलोमीटर, मुंबई त्याच्याही पलीकडे. विमानाची सोय त्या रात्रीं जुळली नाहीं. हृदय त्याच्याबरोबर चितेवर गेलें. काकूंनीं दिलेलें दान कोणी घेऊं शकलें नाहीं, हें शल्य त्यांच्या प्रश्नाच्या तळाशीं होतें.

आपल्याकडे अवयवदानाचा विषय निघाला कीं दधीचि ऋषींचें नांव निघतेंच. परंतु दधीचींनीं दिल्या त्या अस्थि. त्यांना वेळेचें बंधन नव्हतें. हृदयाला आहे. १७ फेब्रुवारी १९६८ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. रुग्ण कांहीं तासांतच दगावला. ऑगस्ट १९९४ मध्यें दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांना यश आलें. तेव्हांपासून शस्त्रविद्या पुष्कळ पुढें गेली; पण बर्फांत ठेवलेल्या हृदयाची मुदत अजूनही चार ते सहा तासांचीच आहे. यकृताची सुमारें बारा तास, मूत्रपिंडाची दिवस-दीड दिवस.

असें कां व्हावें? दूध नासवणाऱ्या जंतूंची वाढ थांबली कीं दुधाचें काम झालें. हृदयाला मात्र नुसतें न नासून भागत नाहीं; त्यानें जिवंत राहावें लागतें. चार अंशांवर पेशींचा व्यवहार दहांत एक हिश्श्यावर येतो, पण थांबत नाहीं. प्रत्येक पेशींत जणूं एक मोट अखंड चालू असते. ती सोडियम बाहेर टाकते व पोटॅशियम आंत ओढते. थंडीनें ही मोट बंद पडली कीं आंत क्षार व पाणी शिरून पेशी फुगते. पुढें नव्या देहाचें ऊन रक्त तिच्यांत एकदम येतें, तेव्हां दीर्घ उपासानंतर पारण्यालाच बाधावें तसा त्यांतील प्राणवायुच तिला बाधतो. १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत बेल्झर आणि साउथर्ड यांनीं जो द्रव सिद्ध केला, त्यानें पेशींची ही सूज पुष्कळ आवरली. तरी मुदत संपतेच.

आणि नेमकें हेंच संकट उत्तर अमेरिकेंतील एक भुईखार दर हिवाळ्यांत हंसतखेळत पार पाडते. बिळांत तिचें अंग पांच अंशांपर्यंत गार होतें. एरवीं मिनिटास दोनशेंहून अधिक पडणारे हृदयाचे ठोके चार-पांचावर येतात. दर आठपंधरा दिवसांनीं ती कांहीं तासांत स्वतःला तापवून घेते आणि पुन्हां गारठून निजते. जें आमच्या हृदयाला एकदां सोसत नाहीं तें तिचें हृदय एका हिवाळ्यांत दहापंधरा वेळां सोसतें. तिच्या ध्रुवाकडील बहिणीचें अंग तर शून्याच्याही खालीं जवळजवळ तीन अंश उतरतें, असें १९८९ मध्यें आढळून आलें.

तिच्या युक्तींपैकी एक आपल्या फडताळांतच दिसते. थंडीच्या सकाळीं खोबरेलाची बाटली उपडी केली तरी थेंब पडत नाहीं. शेजारचें करडईचें तेल मात्र वाहतें. पेशींचें आवरणही स्निग्धच असतें. भुईखार शरदांत बिया खाऊन करडईच्या जातीचा स्नेह अंगांत सांठवते. थंडींत आमच्या पेशींतील ज्या सूक्ष्म नळ्या विस्कटतात त्या तिच्या पेशींत टिकून राहतात, हें २०१८ मध्यें दिसून आलें. शीतनिद्रेंतील भुईखारीचें यकृत काढून तीन दिवस थंड ठेवलें तरी तें उंदराच्या यकृताहून कितीतरी चांगलें टिकतें. आमच्या बांधांतला बेडूकही उन्हाळाभर मातीखालीं निजतो आणि मृगाच्या पावसाला ओरडत वर येतो. रीत निराळी, पण धडा तोच: आधीं आपली गरज कमी करावी.

माणूस हे धडे गिरवूं लागला आहे. २०१९ मध्यें बॉस्टन येथें मानवी यकृत उणे चार अंशांवर, बर्फ होऊं न देतां, सत्तावीस तास टिकवलें गेलें. २०२३ मध्यें मिनेसोटांत, शंभर दिवस गोठवून ठेवलेलें उंदराचें मूत्रपिंड पुन्हां दुसऱ्या उंदरांत चाललें. पण उंदराचें मूत्रपिंड सुपारीएवढेंही नाहीं. मनुष्याचें हृदय असें ठेवून पुन्हां धडधडतें करण्याची विद्या अजून हातीं आलेली नाहीं.

हें सारें मीं काकूंना त्या दिवशीं सांगितलें नाहीं. सांगतां आलें नाहीं. चार दिवस वाचलें, आणि मग खोबरेलाची बाटली पुढें ठेवून सांगितलें. त्यांनीं ती हातांत घेतली, तळव्यांच्या उबेनें तेल पातळ होईतों धरून ठेवली.

"म्हणजे खारीला येतं तें डॉक्टरांना यायचं आहे," त्या म्हणाल्या. "येईल. पण तोंवर काळीज बसवणारे हातच अशा गांवांच्या जवळ आणले तर नाही का चालायचं? मुदत वाढत नसेल तर वाट तरी कमी करावी."

या दुसऱ्या प्रश्नालाही माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. काकूंनीं पुन्हां सूप पुढें ओढलें. त्या सुमारास रस्त्यावरून दुधाची गाडी गेली. तिचा आवाज आला कीं हल्लीं आम्हीं दोघेंही क्षणभर थांबतों.