द इंजर्ड

शाळेत पाठ केलेला इंग्रजी व्याकरणाचा एक नियम मला नीट कळला तो थेट अजमानला येऊन, आणि तोही एका अपघातामुळे.

आमची साइट अल जर्फच्या इंडस्ट्रियल भागात होती. एका दुपारी स्कॅफोल्डिंगवरून एक कामगार पडला. पाय मोडला, पण जीव वाचला. संध्याकाळी रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'द इंजर्ड वॉज शिफ्टेड टू हॉस्पिटल.' आमचे सेफ्टी ऑफिसर केरळचे, इंग्रजीचे पक्के. त्यांनी 'वॉज' खोडून 'वेअर' केलं. दहा मिनिटांत हेड ऑफिसचा फोन, "किती जण पडले?"

व्याकरण त्यांचंच बरोबर होतं. इंग्रजीत विशेषणामागे 'द' लावला की अख्खा गट तयार होतो: द पुअर, द ब्लाइंड, द सिक. क्रियापद अनेकवचनी. त्यातून एकटा माणूस बाहेर काढायचा तर 'मॅन' नाहीतर 'वुमन' जोडावं लागतं; नुसतं 'अ पुअर' चालत नाही. अपवाद 'द अक्यूज्ड' आणि 'द डिसीज्ड'. म्हणजे एकट्याची दखल हवी तर आरोपी तरी व्हा, नाहीतर मरा!

आपल्या मराठीत तसं नाही. 'जखमीला हलवलं' म्हटलं की एक, 'जखमींना' म्हटलं की अनेक. माझं इंग्रजी या मराठी वळणाने गेलं होतं.

जानेवारी २०२३ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या स्टाइलबुकने ट्विटरवर सल्ला दिला होता की 'द पुअर', 'द मेंटली इल', 'द फ्रेंच' अशी लेबलं टाळा. फ्रेंच मंडळी त्या यादीत कशी, म्हणून जगाने टर उडवली. अमेरिकेतल्या फ्रेंच दूतावासानेही चेष्टा केली. शेवटी ते ट्विट काढून माफी मागावी लागली. तेव्हा मीही हसलो होतो. पण त्या संध्याकाळी हसू आलं नाही.

कारण वाक्य 'वन स्कॅफोल्डर' असं बदलल्यावर पुढे नाव लिहायचं होतं, आणि मला ते ठाऊक नव्हतं. आठ महिने हा माणूस रोज समोर होता. निजामाबादकडचा, माझ्याशी मोडकंतोडकं मराठी बोलायचा, जेवलात का म्हणून विचारायचा. नाव मी टाइमकीपरच्या यादीतून शोधलं, तेही नंबरावरून.

तेव्हा मराठीची फुशारकी मारण्यातही अर्थ नाही. व्याकरण एकवचन देतं, पण वापरणार कोण? रोज सकाळी मी फोरमनला विचारायचो, "लेबर आलं का?" चाळीस माणसं आणि एक नपुंसकलिंगी एकवचन!

रिपोर्टात नाव गेलं. शुक्रवारी हॉस्पिटलमध्ये जाऊन त्याला भेटलो, नावाने हाक मारली. तो थोडा दचकलाच.

शनिवारी साइटवर पोचलो आणि तोंडातून सवयीने निघालं, "लेबर आलं का?"

असो.