जाणाऱ्याची लस, घरच्यांची हिफाजत

हजची तयारी घरात महिनोन्‌महिने चालते. इहराम, चपला, दुआंची किताब, लोणच्याची बरणी अशी यादी वाढत जाते. लसीचा कागद मात्र तिच्या तळाशी राहतो. आम्ही हजला गेलो त्या वर्षी लसीकरण शिबिरात बरेच जण विचारत होते, "ठणठणीत माणसाला सुई कशाला?" याचे उत्तर आम्हाला मक्केत मिळाले.

तवाफमध्ये माणसे खांद्याला खांदा लावून फिरतात. मीनाच्या तंबूत गादीला गादी चिकटलेली असते. मुजदलफाची रात्र उघड्या आभाळाखाली, चटईशेजारी चटई टाकून काढायची. आमच्या एका बाजूला इंडोनेशियाचे हाजी होते, दुसऱ्या बाजूला आफ्रिकेचे. एकाला खोकला आला की थोड्या वेळात चौघे खोकत.

अशा गर्दीत मेनिन्गोकॉकल मेंदूज्वराचे जंतू सहज पसरतात. ते निरोगी माणसाच्या घशातही राहू शकतात. त्याला काही होत नाही, पण खोकल्यातून आणि निकटच्या सहवासातून ते दुसऱ्याला लागतात. १९८७ च्या हजमध्ये 'ए' प्रकाराची मोठी साथ आली. २००० साली 'डब्ल्यू' प्रकार हाजींबरोबर युरोपपर्यंत गेला आणि हजला न गेलेले त्यांचे घरचेही आजारी पडले. त्यानंतर सौदी सरकारने ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चारही प्रकारांची लस सक्तीची केली.

उमऱ्याचेही तसेच. २०२४ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये उमऱ्याशी संबंधित १२ रुग्ण आढळले. त्यांतले १० प्रवासी होते; उरलेले २ प्रवाशांच्या निकट संपर्कातले. ९ जणांच्या लसीची माहिती मिळाली. त्यांतल्या एकानेही लस घेतलेली नव्हती.

अशी बंधने नवी नाहीत. मुंबईहून जहाजाने निघालेल्या हाजींना पूर्वी लाल समुद्रातील कामरान बेटावर उतरवून वेगळे ठेवत, ते पटकीच्या धास्तीने. आज तेवढ्यासाठी एक सुई पुरते.

ही लस सौदीत पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. कॉन्ज्युगेट प्रकारची असेल तर ती ५ वर्षे ग्राह्य धरतात, पॉलिसॅकराइड असेल तर ३. प्रमाणपत्रावर प्रकार लिहून घ्यावा. हज कमिटीच्या हाजींना ती शिबिरात मिळते, पोलिओचे थेंबही देतात. खाजगी टूरने उमऱ्याला जाणाऱ्यांनी स्वतः चौकशी करावी. घरातील बुजुर्गांसाठी फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

लसीने न टळणारे धोकेही आहेत. २०२४ च्या हजमध्ये पारा ५० अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार १,३०१ जणांचा मृत्यू झाला. छत्री, पाणी आणि ओआरएसची पाकिटे हाताशी हवीत. इहराममध्ये पुरुषांना टोपी चालत नाही, छत्री चालते. मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. हलक करताना नवे पाते आपल्यासमोर उघडायला सांगावे. वापरलेल्या पात्यातून कावीळ ब आणि क पसरते.

हाजी परतले की सारे नातेवाईक मुआनका करायला येतात, लहानगी गळ्यात पडतात. त्या आनंदात एवढे ध्यानात असू द्यावे: पुढच्या दहा-बारा दिवसांत हाजींना किंवा घरात कुणालाही जोराचा ताप, मान आखडणे, उलट्या किंवा अंगावर लालसर-जांभळे चट्टे दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. "घरात हजहून आलेले माणूस आहे," हे डॉक्टरांना आधी सांगावे.