लॅपटॉप, तूस आणि आण्णा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. नाशिकच्या मावशीचा फोनही येऊन गेला, "अरे ब्लॉग बंद केलास की काय?" बंद नाही गं मावशी, लॅपटॉप बंद होता. चौथ्यांदा!

तर झालं असं. गेल्या वर्षी पाडव्याला नवा लॅपटॉप मागवला. सकाळी ऑर्डर आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दारात. एवढ्या लवकर कसा आला याचं इतरांना आश्चर्य वाटेल, भिवंडीकरांना नाही. निम्म्या देशाचा माल आमच्या माणकोली, पूर्णा, राहनाळच्या गोदामांतून निघतो. आमचा लॅपटॉप बहुधा घरापासून पाच-सहा किलोमीटरवरच निजलेला असणार. पण बिघडला की मात्र त्याला ठाण्याला न्यायचं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तिकडे. म्हणजे अंजूर फाटा, काल्हेर, कशेळीचा पूल आणि कंटेनरांच्या मागे धूर खात दीड तास. (कंपनीचं नाव लिहीत नाही. उगाच कशाला.)

पहिल्यांदा तो बंद पडला आषाढात. चालता चालता एकदम अंधार. निळा पडदा नाही, सूचना नाही, काही नाही. मी गोदामवाल्यांचे आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचे जीएसटीचे हिशेब करतो, त्यामुळे दर महिन्याची २० तारीख म्हणजे आमची दहावीची परीक्षा. आणि हा गडी बंद पडायचा नेमका १९ला. आई म्हणाली, "त्याला नजर लागली." मी विंडोजच्या नोंदी उघडून पाहिल्या. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' अशी ओळ. ओळखीच्या एका ब्लॉगर मित्राने सांगितलं की याचा अर्थ एवढाच, की मशीन नीट बंद न होता अचानक बंद झालं. म्हणजे मला जे माहीत होतं तेच त्यालाही माहीत होतं!

मग सगळे प्रयोग झाले. रात्रभर रॅम तपासली, चार्जर बदलला, विंडोज नव्याने टाकलं. ठाण्याचा इंजिनियर "कुठून आलात?" विचारून लगेच म्हणाला, "भिवंडी? मग व्होल्टेजचा प्रॉब्लेम." हे आण्णांना भयंकर लागलं. पूर्वी लोडशेडिंगने आमचे हाल झाले हे खरं, पण २००७ पासून शहराची वीज टोरंट पॉवर बघते, आणि शेजारच्या वायरमनने मीटर लावून दाखवलं तेव्हा आकडा २३२ होता. पण जॉब शीटवर आलं 'मदरबोर्ड बदलला'. अडीच महिने मशीन छान चाललं. पुन्हा तेच. पुन्हा मदरबोर्ड, पुन्हा अडीच महिने. तिसऱ्या वेळी त्यांनी त्यांच्या एसी खोलीत दिवसभर चालवून पाहिलं आणि लिहून दिलं, 'तक्रार आढळली नाही'. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी बंद.

इथे माझी ट्यूब पेटायला हवी होती. दोनदा आतून उघडला तेव्हा अडीच महिने चालला, आणि न उघडता परत दिला तेव्हा चार दिवस. पण मी रागात होतो. रागात असताना माणूस हिशेब करत नाही, हिशेबनीस असला तरी.

चौथ्यांदा गेलो तेव्हा वॉरंटी संपून पंधरा दिवस झाले होते. नव्या बोर्डाचा जो खर्च सांगितला त्यात जुना लॅपटॉप आला असता. तसाच उठलो आणि धामणकर नाक्याजवळच्या एका मोबाइलवाल्या पोराकडे नेला. त्याने मागचे स्क्रू काढले, पंखा उचलला आणि "दादा, हे बघा" म्हणत चिमट्याने काहीतरी ओढून काढलं. पंखा आणि तांब्याच्या पात्यांची जाळी, यांच्या मधोमध बसलेली, बोटभर लांबीची राखाडी घोंगडी! बाहेरून बघितलं तर दिसायचीच नाही. पंखा बिचारा फिरत होता, पण वारा जाणार कुठून? आतला प्रोसेसर शंभर अंशांजवळ पोचला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच मान टाकत होतं.

घोंगडी पुडीत बांधून घरी आणली. आण्णांनी ती चिमटीत धरली, चोळली, आणि काडी पेटवून एक टोक जाळलं. कागद जळल्यासारखा वास आला, थोडी मऊ राख पडली आणि बाकीचं वितळून कडक मणी झाला. "मिक्स आहे. कॉटन नि पॉलिस्टर," ते म्हणाले. "खालचंच."

खालचं म्हणजे आमच्या तळमजल्याच्या गाळ्यातलं. तिथे बारा साचे आहेत. आता भाड्याने दिलेत, पण आण्णांनी स्वतः चौतीस वर्षं तेच केलं. आम्ही वरच्या मजल्यावर वाढलो. खडखडाट थांबला तर आम्हाला झोप येत नाही. तूस जिन्यावर, मच्छरदाणीवर, देवाच्या फोटोवर असतं. रोज पुसतो म्हणून दिसत नाही.

मला राग याचा आहे की त्या इंजिनियरांनी दोनदा ही घोंगडी काढली असणार. फुंकून टाकली आणि कागदावर लिहिलं 'मदरबोर्ड'. एक वाक्य बोलले असते तर? ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली. जिल्हा आयोगातही जायची तयारी होती. २०१९च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तेवढी वेळ आली नाही. आठवड्याने कंपनीचा फोन आला आणि पंखा व जाळी फुकट बदलून मिळाली.

त्या रात्री आण्णा पलीकडच्या खोलीत खोकत होते. नेहमीसारखेच. आम्ही सगळे तो खोकला बिडीचा म्हणतो. बिडी सोडून त्यांना एकोणीस वर्षं झाली. मी उठून बसलो. लहानपणी सुट्टीनंतर कामाचा पहिला दिवस आला की ते म्हणायचे, "आज छाती धरली." आई ओवा द्यायची. सकाळी डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजारात, बिसिनोसिसमध्ये, नेमकी अशीच सुरुवात असते. "आधी कोणी विचारलं नाही का?" त्यांनी विचारलं.

आण्णा म्हणतात, लॅपटॉपचं ठीक आहे, मला कशाला उघडता? पण फुंकून बघायची तपासणी करायला कसेबसे तयार झालेत. अपॉइंटमेंट येत्या मंगळवारची, ठाण्यालाच. लॅपटॉप सोबत नेतोय. त्या दिवशी १९ तारीख आहे.