घोळक्यातला मासा

किन्हीराजा,
ता. मालेगाव, जि. वाशीम

चि. गार्गीस,

तुझी शंका रास्त आहे. मासे विखुरले तर शत्रूला चटकन सापडणार नाहीत, मग घोळक्याने फिरून आपला पत्ता का देतात?

घोळका लांबून दिसतो खरा. पण पाणकावळ्याच्या चोचीत एका वेळी एकच मासा जातो. शंभरांत राहिलं तर आपला नंबर लागायचा धोका शंभरात एक. त्यात सगळे सारखे, चकचकीत, एकदम वळणारे. बाजाराच्या गर्दीत होतं तशी शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. 1986 साली अमेरिकेतल्या लँडो आणि टेरबर्ग या दोघांनी हे ताडून पाहिलं. एकटा मासा बास या शिकारी माशाने सहज पकडला. आठांच्या घोळक्यापुढे मात्र तो बहुतेक वेळा हात हलवत परतला. मग त्यांनी आठांतले एक-दोन निळे रंगवले, आणि बासला पुन्हा शिकार साधू लागली. वेगळा दिसला की गेला!

अंधारात, गढूळ पाण्यात घोळक्यातले मासे एकमेकांना धरून कसे राहतात? पुढच्या वेळी घरी रोहू आला की खवले काढण्याआधी त्याची कूस बघ. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत बारीक छिद्रांची एक रेघ दिसेल. ती पार्श्वरेखा. शेजारचा हलला की पाण्याचा धक्का तिला कळतो.

घोळक्यात राहण्यात माया, त्याग वगैरे काही नाही बरं. हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1971 मध्ये मांडलं की कळपातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या आड लपायला बघतो, आणि त्यातूनच कळप दाटतो.

खरी माया बघायची तर मरळीची. पावसाळ्यात तलावाच्या काठाला तिच्या तांबूस पिल्लांचा झुबका पाण्यात वर-खाली होत असतो आणि खाली आई-बाप राखण करतात. पिल्लांजवळ काहीही आलं की ते अंगावर धावून जातात. गळवाल्यांना हे पक्कं ठाऊक. ते नेमका तिथेच गळ टाकतात. राखणदार गेले की तो झुबका इतर माशांच्या पोटात जातो. पाणकावळा एक नेतो, माणूस मात्र अख्खा घोळका संपवतो.

तेव्हा तुझ्या दादाला माझा निरोप सांग: तांबडा झुबका दिसला, तर तिथे गळ टाकू नको.

तुझे,
आबा