जुनी नौका

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील अल्गोनॅक येथे एकेकाळी क्रिस-क्राफ्ट कंपनीच्या लाकडी नौका बांधल्या जात. १९५० च्या सुमाराची, लहानशा केबिनची अशी एखादी नौका आजही कोणी हौसेने विकत घेतो. शनिवार-रविवार मुलाबाळांसह सरोवरावर घालवावा, एवढीच त्याची इच्छा असते.

पहिला मोह होतो तो वॉर्निशचा. महोगनीच्या फळ्या चकाकल्या, की काम फत्ते झाल्यासारखे वाटते! परंतु नौकेचे आयुष्य ठरते ते तळाशी, जिथे सहसा कोणी डोकावत नाही. आश्चर्य असे, की लाकूड कुजते ते बहुधा डेकच्या फटींतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने. म्हणून जाणता कारागीर टोचा घेऊन आतला सांगाडा तपासतो आणि मऊ लागलेला भाग कापून नवे लाकूड बसवितो.

गाद्या-पडद्यांत घरच्यांचा उत्साह दांडगा; इंजिन मात्र सबुरी मागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाच्या पोकळीत साचते, आणि मग एक ठिणगी पुरते. त्यासाठी इंजिन सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे पंखा चालवून ती बाहेर काढतात.

नौका पाण्यात उतरली, तरी सुकलेल्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी आत येतच राहते. फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत पंप चालू ठेवावा लागतो. तोवर मुले धक्क्यावरच बसून असतात.