लाँड्रीवाल्याची लेक

आमच्या बाबांचं साताऱ्यात लाँड्रीचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, मध्ये लांबलचक टेबल, टेबलावर घोंगडी, घोंगडीवर पांढरी चादर आणि चादरीवर इस्त्रीच्या आकाराचे दोन-तीन तपकिरी ठसे. बाबा ती चादर बदलत नसत. "असू देत, पोरांना शिकवायला बरे पडतात," म्हणायचे. पोरं म्हणजे दुकानातले दोन कारागीर आणि मी.

पुढे जे सांगणार आहे ते इस्त्रीशी संबंध नसलेल्या बाईच्या हातून झालं असतं, तर ती गोष्ट वेगळी. मी इस्त्रीजवळच वाढले. ओलं बोट बुडाला टेकवलं की होणाऱ्या 'चर्र' आवाजावरून इस्त्री किती तापलीय हे मला चौथीत कळायचं. सुती कपड्यावर पाणी शिंपडायचं आणि इस्त्री कडक. टेरिकॉटच्या पँटवर फडकं टाकायचं, नाहीतर चकाकी येते. रेशमावर पाणी शिंपडायचं नाही, डाग पडतात. उलट्या बाजूने, मंद, वर मलमलचं फडकं. पैठणी आली की बाबा ती दुसऱ्या कुणाच्या हातात देत नसत. साडी अस्सल रेशमाची आहे की नाही असा वाद निघालाच, तर गिऱ्हाइकाला विचारून आतल्या कडेचा एक धागा ओढायचे आणि काडीच्या ज्योतीवर धरायचे. कागद जळल्यासारखा वास आला तर सुती, केस जळल्यासारखा आला तर रेशीम.

केस जळल्यासारखा. हे मी शंभर वेळा ऐकलं असेल. ते उलट्या बाजूने वाचावं असं मात्र एकदाही सुचलं नाही.

नोकरी लागली ती मुंबईत, एका खासगी बँकेत, काउंटरवर. राहायला डोंबिवली. आमच्या घराण्याचे केस ना धड कुरळे, ना धड सरळ. तेल लावलं तर चप्प, नाही लावलं तर पिंजारलेले. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी होत्या तोवर प्रश्न नव्हता. बँकेत शेजारच्या काउंटरवरच्या मुलीचे केस दिवसभर रेशमाच्या लडीसारखे पडलेले असायचे आणि माझे दुपारपर्यंत झाडूसारखे. पहिल्या दिवाळीच्या बोनसमधून मी स्ट्रेटनर घेतला. त्यावर १५० ते २३० असे आकडे होते. मी २३० वर ठेवला. गाडी सात बावीसची होती आणि जास्त आकडा म्हणजे काम लवकर, एवढंच माझं गणित.

रोजचा क्रम असा: साडेपाचला उठून न्हायचं, केस टॉवेलने खसाखसा पुसायचे, ड्रायर तीन-चार मिनिटं फुल्लवर फिरवायचा, आणि केस अजून दमट असतानाच स्ट्रेटनर. बट चिमटीत धरली की 'चर्र' व्हायचं, वाफ निघायची आणि बट सुतासारखी सरळ. तो आवाज मला ओळखीचा वाटला. आवडलासुद्धा. पाणी शिंपडलेल्या धोतरावर इस्त्री फिरवताना असाच आवाज येतो आणि चुण्या असेच पटकन मोडतात. मला वाटलं, केस दमट आहेत म्हणूनच तर बसतायत छान. एखाद्या दिवशी केस कोरडे झाले, तर मी मुद्दाम पाण्याचा हात फिरवायचे. हे लिहिताना अजूनही कानशिलं गरम होतात.

वास यायचा. तो मशीनचा असेल म्हणून सोडून दिला.

दीड वर्षाने आई राहायला आली. रविवारी सकाळी बाल्कनीत माझ्या डोक्याला तेल लावताना एकदम थांबली. "अगं, लिखा झाल्यात तुला!" केसांवर पांढरे बारीक ठिपके होते. एकतीस वर्षांच्या बँक कर्मचारी बाईला आईने उन्हात बसवलं, खालच्या दुकानातून लिखांची फणी आणवली आणि काम सुरू केलं. दहाव्या मिनिटाला फणीत केसांचा पुंजका आला, मुळासकट नव्हे, मधूनच तुटलेला. आईने एक ठिपका नखाने सोलायला घेतला आणि केस त्याच जागी काडीसारखा मोडला. लीख ओढून काढावी लागते, तिच्या जागी केस मोडत नाही, हे आईला पक्कं ठाऊक. ती गप्प झाली. माझी आई गप्प होणं ही आमच्याकडे गंभीर बाब असते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एक तुटका केस काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही पडद्यावर दाखवला. आत बुडबुडे होते. जाळी पडलेलं घावन दिसतं तसा तो केस दिसत होता. जिथे पांढरे ठिपके वाटत होते तिथे केस आतून फुटून दोन झाडण्या समोरासमोर खुपसल्यासारखा झाला होता.

"केस ओले असताना स्ट्रेटनर वापरता?"

"नाही," मी म्हणाले. मग, "म्हणजे थोडे दमट असतात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. या प्रकाराला नावच 'बबल हेअर' असं आहे आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद १९८६ पासून आहे. केस ओला झाला की स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी आत घेतो आणि फुगतो. त्यावर तापलेली पट्टी दाबली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि वाफेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. मग ती केसालाच फोडून जागा करते. दमट केसात असे बुडबुडे व्हायला १२५ अंशांवरचा कर्लिंगचा चिमटा मिनिटभर पुरतो, असं नंतर प्रयोगांतही दिसलं आहे. मी २३० वर होते. कोरडा केस साधारण त्याच तापमानाच्या आसपास आतून वितळायला लागतो. ओल्या केसाची सहनशक्ती त्याहून कितीतरी खाली.

मी घरी येऊन बाबांना फोन केला. लपवण्यात अर्थ नव्हता, आईने आधीच सगळं सांगितलेलं असणार. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोकरीवर पाणी शिंपडून कडक इस्त्री कोण ठेवतं का गं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोकर म्हणजे मेंढीचे केसच. दोन्ही केराटिनचे. रेशीम वेगळ्या प्रथिनाचं, पण प्रथिनच, म्हणून तर जळताना वास एक. सूत ही झाडाची वस्तू, तिचा स्वभाव निराळा. धाग्याधाग्यांतून वाफ सुटते आणि कापड उष्णता सोसतं. मी दीड वर्ष डोक्यावर पैठणी घेऊन फिरत होते आणि तिला धोतराची इस्त्री करत होते.

बरं, एवढं कळल्यावर शहाणपण आलं म्हणावं, तर नाही. मी दुसऱ्या टोकाला गेले. खांद्याएवढे केस ठेवून बाकी कापून टाकले. तुटलेला केस भरून येत नाही. तो जखम नव्हे. सीरम टोकं तात्पुरती चिकटवतं, एवढंच. मग ठरवलं, आता कुठलीही उष्णता नको. सकाळी न्हायचं, ओल्या केसांचा अंबाडा घालायचा आणि गाडी पकडायची. जून-जुलैत तो अंबाडा संध्याकाळी सोडला तरी आत ओलाच. डोक्याला खाज, केसांना पावसाळी पायपुसण्याचा वास, आणि केस तरी ठीक राहावेत, तर तेही नाही. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा तीस-तीस वेळा धुऊन वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवून पाहिल्या. ड्रायर जितका जवळ आणि गरम, तितकं वरच्या खवल्यांचं नुकसान जास्त, हे अपेक्षितच. पण नुसत्या हवेवर वाळवलेल्या बटांमध्येही आतल्या थरांना जोडणाऱ्या पदार्थाला इजा झालेली दिसली, कारण केस फार वेळ पाण्याने फुगलेला राहतो. त्यांना सगळ्यात बरा वाटला तो पंधरा सेंटिमीटरवर धरलेला आणि सतत हलता ड्रायर. तिथे तापमान सत्तेचाळीस अंश भरलं होतं. तोच ड्रायर पाच सेंटिमीटरवर आणला तर पंचाण्णव. माझ्या ड्रायरचं तोंड तर केसांना टेकलेलं असायचं. पंधरा सेंटिमीटर म्हणजे माझ्या वितीला थोडं कमी. आता मी वीत धरूनच वापरते. घरचे हसतात.

मग तेल. आजीचा खोबरेल तेलावर जो विश्वास होता तो आमच्याकडे वारसाहक्काने आला आहे. स्ट्रेटनर पुन्हा हातात घेतला तेव्हा मी ठरवलं, तो फिरवायच्या आधी केसांना खोबरेल लावायचं, म्हणजे पोळी करपू नये म्हणून तव्याला तेल लावतो तसं. परिणाम: खोलीत धूर, उशीवर तेलकट पट्टे आणि शेजारच्या काकूंचा प्रश्न, "काय तळतेयस गं?" रिफाइंड न केलेलं खोबरेल पावणेदोनशे अंशांच्या आसपास धुरायला लागतं, हे स्वयंपाकघरात मला माहीत होतं, न्हाणीघराच्या आरशासमोर ते आठवलं नाही. खोबरेल वाईट नाही. २००३ साली रेले आणि मोहिले यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सूर्यफूल आणि खनिज तेलाच्या तुलनेत फक्त खोबरेलानेच केसांतून धुपून जाणारं प्रथिन कमी केलं. ते दोघे मॅरिकोच्या मुंबईतल्या प्रयोगशाळेत होते आणि मॅरिको स्वतः खोबरेल विकते, तेव्हा जरा सावधपणेच वाचावं. पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलाचा रेणू छोटा आणि सरळ, तो केसात शिरतो आणि पाण्याला आत शिरायला कमी जागा ठेवतो. म्हणजे त्याची जागा न्हाण्याच्या आधी. आजी शनिवारी रात्री तेल लावून रविवारी न्हायला घालायची, ती विज्ञानाशिवायच बरोबर होती.

सगळ्यात लाजिरवाणी चूक शेवटची. उष्णतेपासून बचाव करणारा स्प्रे मी महागाचा आणला. सिलिकोनचा पातळ थर पट्टी आणि केसाच्या मध्ये येतो आणि उष्णता जरा सावकाश, जरा सारखी पसरते, म्हणजे बाबांचं मलमलचं फडकं. कल्पना मला लगेच पटली. इतकी पटली, की कोरड्या केसांवर भरपूर फवारून त्याच क्षणी स्ट्रेटनर चालवला. बाटलीत सगळ्यात जास्त काय असतं? पाणी. पुन्हा तोच आवाज: चर्र. फडकं पिळून न वाळवता टाकल्यासारखं. आता स्प्रे ओल्या केसांना लावते, विंचरते आणि मग ड्रायरने पूर्ण वाळवते. 'पूर्ण' म्हणजे मानेजवळच्या बटासुद्धा. तिथे हात घालून बघायचा, तिथे ओल सर्वांत उशिरा जाते. आणि फडकं टाकलं म्हणून इस्त्री कडक करायची नसते. फडक्याखालीही करपतं, आमच्या चादरीला विचारा.

ड्रायरची दिशा मला पार्लरमधल्या मुलीने दाखवली. केसावरचे खवले मुळाकडून टोकाकडे, मंगळुरी कौलांसारखे एकावर एक असतात. वारा वरून खाली गेला तर कौलं बसतात, खालून वर गेला तर उचकटतात. मी डोकं खाली घालून, केस उलटे टाकून वाळवायचे, कारण सिनेमात तसं करतात. टॉवेलने घासणंही त्याच जातीचं. आता जुना सुती पंचा घेते आणि केस त्यात दाबते.

हे सगळं रोज कोण करणार? मीही करत नाही. महिन्यातून एक-दोनदा, लग्नकार्याला, बारीक बटा घेऊन, १७० वर, एका बटेवरून सावकाश एकदाच. आधी एकाच बटेवरून पाच वेळा फिरवायचे. आणि खरं सांगायचं तर २३० वर केलेले केसही मुंबईत टिकत नव्हतेच. उष्णतेने आणि पाण्याने केसातले कच्चे बंध सुटतात, थंड होताना नव्या आकारात बसतात, आणि दमट हवा लागली की पुन्हा सुटतात. कांजी घातलेला कपडा पावसात जसा मऊ पडतो, तसंच. डोंबिवलीला सरळ असलेले माझे केस कुर्ल्यापर्यंत लाटा घ्यायला लागायचे आणि भायखळ्याला मूळ रूपात. त्या सव्वा तासासाठी मी दीड वर्ष केस उकळत होते.

जुना स्ट्रेटनर टाकला नाही. गेल्या पाडव्याला सुती इरकल नेसायचं होतं आणि निऱ्या काही केल्या बसेनात. ऑफिसमधल्या मैत्रिणी निऱ्यांसाठी स्ट्रेटनर वापरतात हे ऐकलं होतं. बाबा तेव्हा आमच्याकडेच होते, खुर्चीत बसून पेपर वाचत. मी मशीन दोनशेवर ठेवलं, निऱ्यांवर पाण्याचा हात मारला आणि पहिली निरी चिमटीत धरली.

चर्र.

बाबांनी पेपर खाली केला, आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग साडीकडे. "हां," म्हणाले, आणि परत वाचायला लागले.